वळणाच्या अलीकडे

मोटारी घाटात नुकत्याच येऊ लागल्या होत्या आणि त्यांचे भाग आपसांत बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट.

घाटमाथ्यावर देवीपुढे नारळ फोडून केरबाने लॉरी उताराला लावली. धुकं दाट होतं.

"हळू घे," ब्रेक ॲक्सिलरेटरला म्हणाला.

"भित्रा कुठला! नारळ फोडलाय की. आणि काही आडवं आलं, तर तू आहेसच."

"अरे, आधी केरबाला दिसणार, मग त्याचा पाय माझ्यावर येणार. तोवर गाडी धावतच असते. त्यात वेग दुप्पट झाला, तर मला थांबायला चौपट रस्ता लागतो. घाटात तो कुठून आणू?"

ॲक्सिलरेटर कुरकुरला, पण सैल पडला.

वळण घेताच समोर मधोमध वासरू उभं! "आई गं!" म्हणत केरबाने ब्रेक दाबला. चाकं किंचाळत घसरली आणि वासराच्या नाकापासून वीतभर अंतरावर लॉरी थांबली. वासराने बंपर चाटून पाहिला. मग हंबरत आलेल्या गाईमागे ते उड्या मारत निघून गेलं. भोंगा घाटभर दणाणला.

"जिंकलास, गड्या!" ॲक्सिलरेटर ओरडला.

"मी नुसता थांबलो," ब्रेक धापा टाकत म्हणाला. "थांबायला लागणारा रस्ता तू आधीच राखून ठेवला होतास."