पाच दिवस आधी

एका तळ्याकाठी एकदा एक वृद्ध आचार्य राहत असत. दूरच्या द्वीपावरून परतलेल्या एका व्यापाऱ्याने त्यांना काळ्या हंसांची जोडी दिली होती. पुढच्या वर्षी त्या जोडीने उथळ पाण्यात पाणगवताचा ढीग रचून घरटे केले आणि मादीने पहिले अंडे घातले.

पण ती त्यावर बसली नाही. अंडे उघडे टाकून ती चरायला निघून गेली.

आचार्यांचा शिष्य सुकृत हा पूर्वी वैद्यकी करणारा. त्याचा जीव कासावीस झाला. "गुरुजी, अंडं गारठून जाईल."

"हात लावू नकोस," आचार्य एवढेच म्हणाले.

सुकृतने ऐकले नाही. त्याने अंडे उचलून जवळच्या वस्तीतल्या अंडी उबवायला बसलेल्या एका खुडूक कोंबडीखाली ठेवले. हंसीण रोज एक अंडे घालत राहिली. सहाव्या दिवशी, ती दूर असताना, त्याने पहिले अंडे गुपचूप परत नेऊन ठेवले. त्याच दुपारी शेवटचे, सहावे अंडे घालून ती घरट्यावर बसली.

नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवू लागले. महिना उलटला. एका सकाळी घरट्यातून बारीक चिवचिव ऐकू आली. आचार्य ताडकन उठले.

"इतक्या लवकर? सुकृत, काय केलंस तू?"

सुकृतने मान खाली घालून सगळे सांगितले. आचार्य पाण्यात शिरले. नर फुत्कारत धावून आला. काळे पंख पसरताच आतली पांढरी पिसे उघडी पडली, आणि एका फटकाऱ्याने आचार्यांचे मनगट सुजले. तरीही त्यांनी घरट्यातले करडे, ओलसर पिल्लू उचलले आणि ते छातीशी धरून माघारी आले.

"गुरुजी! आईपासून तोडता त्याला?"

"टोपली आण. आणि निखाऱ्यांची शेगडी."

पिल्लू ओरडत होते. घरट्यावरची हंसीण मान उंचावून अर्धवट उठली. खालची अंडी उघडी पडली. आचार्यांनी टोपली घेतली आणि आवाज पोहोचणार नाही इतक्या दूर, टेकडीपलीकडे नेली. हंसीण बराच वेळ तशीच उभी होती. मग हळूहळू खाली बसली.

पुढचे पाच दिवस सुकृत टोपलीपाशी बसून होता. निखारे विझत आले की नवे घालत होता.

सहाव्या दिवशी हंसांची जोडी पाण्यात उतरली, मागे चार पिल्ले. आचार्यांनी टोपलीतले पाचवे काठाशी सोडले. नर मान वाकवून त्याच्या रोखाने निघाला. सुकृतने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा पाच पिल्ले होती. त्यांतले एक किंचित मोठे.

मग आचार्य म्हणाले, "ऊब मिळाली की अंड्यातला जीव वाढू लागतो. तोवर तो थांबून असतो. म्हणून शेवटचं अंडं येईपर्यंत हंसीण बसत नाही. सगळी पिल्लं एकदमच बाहेर यावीत, म्हणून. हंसाचं पिल्लू दुसऱ्याच दिवशी पाण्यावर जातं, आणि आईबाप त्याच्याबरोबर. तुझं पिल्लू पाच दिवस आधी गेलं असतं, तर मागे राहिलेली अंडी गार पडली असती. तू एकाची दया केलीस, बाळ. ती सगळ्यांचा विचार करत होती."

सुकृत घरट्यापर्यंत चालत गेला. तिथे एक अंडे उरले होते, न फुटलेले, थंड.

"हे माझ्यामुळे, गुरुजी? त्या दिवशी ती उठली, तेव्हा?"

"ठाऊक नाही," आचार्य म्हणाले. "कधीच कळणार नाही."

त्यांनी सांत्वन केले नाही. सुकृतनेही ते मागितले नाही. ते अंडे ओंजळीत धरून तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला.

ज्याला आपण उपेक्षा समजतो, ते कुणाचे तरी थांबणे असू शकते. मदतीला हात पुढे करण्यापूर्वी ते तसे तर नाही ना, एवढे विचारून पाहावे.