रिकामं बुडकुलं

पूर्वी सह्याद्रीच्या कुशीतल्या जीर्णनगरात एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. वयात आल्यावर वडिलांचं दुकान तो चालवू लागला. मापात खोट नाही आणि बोलण्यात घाई नाही, अशी त्याची ख्याती होती.

त्याची बायको सोमिका नवी नवरी म्हणून आली, तेव्हाचं दुकान तिला पुढे जन्मभर आठवत राहिलं. तिळाच्या तेलाचा गार रांजण, त्यात लाकडी पळी, आणि दारात घरोघरच्या भांड्यांची रांग. कुणाचा वाळका भोपळा, कुणाचा ठोके पडलेला गडू, कुणाचं कान तुटलेलं मडकं. बोधिसत्त्व भांडं पाहूनच घर ओळखायचा. "भद्रामावशी, आज मोठं भांडं? लेक आलेली दिसते माहेरी!" तेलाची शेवटची धार तुटेपर्यंत थांबायचं, अशी रीत होती. ती तुटेपर्यंत गल्लीतली निम्मी सुखदुःखं बोलून व्हायची.

मग सोमिकेला मुलगी झाली. पोर अशी रडवी, की कडेवरून खाली ठेवताच दुकान डोक्यावर घ्यायची. एका हातात पोर, दुसऱ्या हातात पळी. तेल सांडायचं, पोर निसटायची, आणि आपल्याला यातलं एकही धड जमत नाही, हे सोमिकेला रोज नव्याने पटायचं. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, कुंभाराकडून लहान बुडकुली आणून सकाळीच भरून ठेवली तर? ज्याला हवं तो उचलेल आणि जाईल."

तिची दमणूक बोधिसत्त्वाला दिसत होती. तो हो म्हणाला.

गिऱ्हाइकं खूश झाली. भांडं घासायला नको, थांबायला नको. तेल संपलं की बुडकुलं ओढ्यात. समोरच्या दुकानदारानेही तेच सुरू केलं. पूसक कुंभाराचा भांडी भाजायचा आवा विझेनासा झाला. आव्याला लाकूड लागे, ते देवटेकडीवरून येई. टेकडी हळूहळू उघडी पडली.

मुलगी तीन वर्षांची झाली त्या चैत्रात टेकडीखालचा झरा करंगळीएवढा झाला. ओढा तर केव्हाच कोरडा पडला होता; नगराला पाणी होतं ते एवढंच. सोमिका घागर लावून बसली ती ऊन डोक्यावर आलं तरी घागर भरेना. मांडीवर पोर तहानेने कुरकुरत होती. झरा आटला तर नगर उठणार, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला कळत होतं.

घरी येऊन तिने घागर टेकवली. "माझ्या एका सोयीने अख्खी टेकडी खाल्ली हो."

"सोय तू मागितलीस," बोधिसत्त्व म्हणाला, "पण बुडकुली मी विकली. आणि खपतात म्हणून सुखावलोही मीच."

दुसऱ्या दिवसापासून त्याने नवी बुडकुली घेणं थांबवलं. प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, "ओढ्यात टाकू नका. रिकामी बुडकुली परत आणा, तीच भरून देईन."

लोकांनी माना डोलावल्या. पण बुडकुलं काही कुणी आणलं नाही. उलट एकेक गिऱ्हाईक मान खाली घालून समोरच्या दुकानात शिरू लागलं.

"आळशी मेले," सोमिका म्हणाली. "गरज सरो नि वैद्य मरो!"

"आळशी माणूस मान खाली घालत नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "त्यांचं काहीतरी अडतंय. काय ते मला कळत नाही."

पुढे एक दिवस पोरीचं पोट दुखू लागलं म्हणून सोमिका ओवा मागायला भद्रामावशीकडे गेली. पाहते तर चुलीमागे बुडकुल्यांची उतरंड! सगळी घासूनपुसून पालथी घातलेली.

"अहो मावशी, मग आणलीत का नाही?"

म्हातारीने पदर सावरला. "अगं, आपलं भांडं भरायला नेणं वेगळं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत न्यावं का? तुझ्या आईने शिकवलं नाही वाटतं! शेजारणीची वाटीसुद्धा आपण चिमूटभर काहीतरी घालून परत करतो. आता तेलवाल्याला मी घालून काय देऊ? त्याचंच तेल? घरोघरी हेच चाललंय, बाई. टाकवत नाही आणि आणवत नाही."

सोमिका ओवा विसरून घरी पळाली, आणि मग ओव्यासाठी पुन्हा परत गेली.

बोधिसत्त्वाने सगळं ऐकून घेतलं. तो हसला नाही. "आपण लोकांकडे भांडी मागितली. त्यांची लाज राखायला विसरलो." मग दारातून दिसणाऱ्या उघड्या टेकडीकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

सकाळी त्याने गल्लीला सांगितलं, "रिकामं बुडकुलं आणू नका. आत बी घालून आणा. आंब्याची कोय, जांभळाची बी, करंजाची शेंग. अंगणात पडलं असेल ते."

तेवढ्यात पूसक कुंभार तणतणत आला. "शेट, तुम्हाला पुण्य लागतंय, पण माझ्या पोटावर पाय आला त्याचं काय?"

"तुमच्याकडेच येणार होतो, दादा. आवा पेटवा, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकतील अशा रांजणांसाठी. आणि ओढ्यातली फुटकी बुडकुली काढून त्यांत या बियांची रोपं करा. मजुरी दुकान देईल. माती तुमच्याइतकी कुणाला कळते?"

"म्हणजे कुंभाराचा माळी करता तर!" पूसक कुरकुरला, पण संध्याकाळी ओढ्यात उतरला.

आणि बुडकुली आली. पहिली भद्रामावशी. "चिंचोका आणलाय रे. झाड व्हायला मी काही नसेन."

"चिंच लावणाऱ्याला ती कधी खायला मिळते का, मावशी? पण कुणीतरी लावलीच ना आपल्यासाठी!"

दारात पुन्हा रांग लागली. लोक पुन्हा धार तुटेपर्यंत थांबू लागले. झरा काही लगेच भरला नाही. कितीतरी उन्हाळे सगळ्यांनी ओंजळ मोजून काढले. पण टेकडीवर लावलेल्या रोपांनी धरलेल्या मातीत पाणी मुरू लागलं, झरा पुन्हा वाजू लागला, आणि समोरच्या दुकानदारानेही गुपचूप रांजण मांडला.

ती रडवी पोर मोठी झाली, लग्न होऊन दूर देशी गेली. एकदा तिकडून व्यापारी तांडा घेऊन आलेल्या सार्थवाहाने सोमिकेच्या हातात एक बुडकुलं ठेवलं. काठाचा टवका पाहून तिने ओळखलं. लेकीच्या पाठवणीला तेल भरून दिलेलं हेच ते. आत सासरच्या अंगणातली जांभळाची बी होती.

सोमिका ती बी हातात धरून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, आता हे रिकामं कसं पाठवायचं?"

बोधिसत्त्वाने पळी उचलली. धार तुटेपर्यंत दोघं तिथेच उभी राहिली.

एवढं सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात समोर बसलेल्यांकडे पाहिलं. "भद्रामावशी म्हणजे आज धुतलेलं पात्र घेऊन दारात संकोचाने उभी असलेली ही उपासिका. पूसक म्हणजे विहाराच्या झाडांना कुरकुरत पाणी घालणारा आपला भिक्षू. सगळं आपल्यामुळेच बिघडलं असं जिला सदा वाटतं, ती ही भिक्षुणी त्या जन्मी सोमिका होती. आणि तो तेलवाला मी होतो."

माणसाला दोष देण्याआधी त्याचं अडतंय कुठे हे पाहते, तीच प्रज्ञा.