साडेतीनच्या आत

"म्हणजे घेऊ की विकू, एवढंच सांगा."

"काय विकतोस?" मौलाचाचांनी हातातली कानस थांबवली नाही.

"शेअर, चाचा. एका औषध कंपनीचा. आज बाजार बंद झाला की तिच्या चाचणीचा निकाल आहे. औषध लागू पडलं असेल तर उद्या भाव तिप्पट. नसेल तर मातीमोल. मला साडेतीनच्या आत ठरवायचंय."

"आणि हा शेअर तुझ्याकडे आहे?"

"नाही."

"नाही तो विकणार?"

"आधी उसना घेऊन विकायचा. पडला की स्वस्तात घेऊन परत करायचा. मंदीचा सौदा म्हणतात त्याला."

चाचा हसले. "आमच्यात असं केलं तर गिऱ्हाईक भोपळा डोक्यात घालेल, बेटा."

मिरजेच्या गल्लीतला तोच कारखाना. भिंतीला टांगलेले भोपळे, लाखेचा वास, आणि मांडीवर आडवा तंबोरा घेऊन बसलेले मौलाचाचा. कॉलेज संपल्यावर सुयोग मगदूम दोन वर्षं याच चटईवर बसला होता. तार घुमावी म्हणून तंबोऱ्याची जवारी कशी लावायची, तारेखालची घोडी किती घासायची, ते इथंच शिकला. मग पुण्याला गेला, मित्राबरोबर शेअरचा सल्ला द्यायचं ऑफिस काढलं.

त्यालाही चार वर्षं झाली होती. चार वर्षांत तो एकदाही इथं आला नव्हता.

आज मात्र पहाटे उठून, गाडी हाणत आला होता. आता दोन वाजून गेले होते.

"तुझा दोस्त काय म्हणतो?"

"निनाद म्हणतो, डोळे झाकून घे. कंपवातावर असं औषध जगात नाही. मी म्हणतो, थोतांड आहे. मोजक्या लोकांवर चाचणी, आणि जाहिरात केवढी! कंपनीच्या मालकानं स्वतःचे शेअर गुपचूप कमी केलेत. आजारी माणसांना खोटी आशा विकतात हे लोक, चाचा! यांना कुणीतरी धडा शिकवायला नको?"

"हं..."

"आमच्या शब्दावर वीस-बावीस घरांनी पैसे लावलेत. माझे मास्तर आहेत त्यात, शेजारच्या काकू आहेत. चुकलो तर त्यांना तोंड दाखवता येणार नाही."

"मग इतका शिकलेला तू, मला विचारायला आलास?"

सुयोगची नजर चाचांच्या हातावरच होती.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतंच. आठवड्यापूर्वी आई फोनवर सहज म्हणाली होती, 'मौलाचाचांना कंपवात झालाय रे. कुठल्याशा नव्या औषधाच्या चाचणीत घेतलंय त्यांना.' सुयोगनं औषधाचं नाव विचारलं; ते याच कंपनीचं निघालं. चाचा कसे आहेत, ते विचारायचं राहून गेलं.

चाचांचा उजवा हात घोडीवर कानस फिरवत होता. पुढे, मागे, पुढे. केसाचाही फरक नाही.

*लागू पडलंय. घ्यायचा.*

चाचांनी कानस ठेवली. हात गुडघ्यावर विसावला... आणि अंगठा आपोआप बोटांवर घासू लागला, जपमाळ ओढल्यासारखा. मग मनगट. मग कोपरापर्यंत सगळा हात.

*नाही पडलेलं. विकायचा.*

चाचांनी जवारीचा धागा उचलला, तारेखाली सरकवला. हात पुन्हा दगडासारखा स्थिर.

सुयोग आणखी पुढे वाकला.

"किती वेळा झालं?" चाचांनी विचारलं.

"काय?"

"तेजी, मंदी, तेजी."

सुयोगचे कान तापले.

"आल्यापासून बघतोय मी. चहा घेतलास, माझ्या हाताकडे बघून. सलाम केलास, तोही हातालाच. इकडं वर तोंड आहे माझं. तेही म्हातारं झालंय जरासं."

"चाचा, मी..."

चाचांनी अवजारांच्या पेटीतून पांढरी बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. बाटलीवर नाव नव्हतं. नुसता नंबर.

"हेच ना? निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना पिठाची. मला कुठली, मला ठाऊक नाही. डॉक्टरालाही नाही. विचारलं मी त्याला. म्हणाला, चाचा, मलाच कुणी सांगत नाही तर तुम्हाला काय सांगू?"

"पण काम करताना तुमचा हात..."

"कामात आधीपासूनच थांबतो. रिकामा बसला की नाचतो. हा आजारच तसला."

म्हणजे एवढं बघून काहीच बघितलं नव्हतं. पहाटेपासूनचा सगळा प्रवास फुकट. सुयोगनं घड्याळ पाहिलं. दोन पन्नास.

"मग तुम्हाला काय वाटतं? गुण आहे का?"

"तुला काय हवंय?"

"मला खरं काय ते हवंय."

"तसं नव्हे. आज तू मंदी केलीस. मग संध्याकाळी नमाजाला बसल्यावर मी मागणार, या अल्ला, हात थांबू दे. त्याच वेळी तू पुण्यात बसून काय मागणार?"

सुयोगनं बाटली उचलली, फिरवून पाहिली आणि परत ठेवली.

"आणि तेजी केली तर?" तो हळूच म्हणाला.

"तर मागशील माझ्याबरोबर. निकाल लागेपर्यंत."

बाहेर कुणीतरी नवीन तार छेडून पाहत होतं. जरा चढी लागली होती. दोघांनाही ते कळलं.

"जवारी शिकवली तेव्हा काय सांगितलं होतं तुला? बघून कळते?"

"नाही. बोट लावल्याशिवाय कळत नाही."

चाचांनी उजवा हात त्याच्यापुढे धरला. "लाव."

सुयोगनं तो हात दोन्ही तळव्यांत घेतला. आत थरथर चालूच राहिली. लांबून ती एवढीशी दिसत होती. तळव्यात घेतल्यावर त्याचे स्वतःचे खांदे हलू लागले. सवयीनं तो मोजायला लागला. सेकंदाला चार... पाच...

मग मोजायचं सुटलं.

"चाचा... त्रास होतो का?"

चाचांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हा प्रश्न कुठून आला, ते जणू त्यांना पाहायचं होतं.

"झोपेत कूस वळता येत नाही. शर्टाची बटणं जैबुन लावते. पोरीनं बापाची बटणं लावायची म्हणजे... असो."

"कधीपासून?"

"तू गेलास, त्याच्या पुढच्या उरुसापासून."

सुयोगच्या खिशात फोन घरघरला. निनाद. थांबला. पुन्हा घरघरला. दोन्ही हात गुंतलेले होते.

"घे की," चाचा म्हणाले.

सुयोग हलला नाही. कानशीनं चिरलेली ती बोटं, अंगठ्यावरचा तारेचा जुना वण, त्याला सगळं ओळखीचं होतं. याच बोटांनी एकदा त्याचं मनगट धरून दाखवलं होतं, की घाई केली तर घोडी जास्त घासली जाऊन बसते आणि पुन्हा उठत नाही.

फोन आणखी तीनदा घरघरला. मग गप्प झाला.

बराच वेळ गेला. बाहेरची तार कुणीतरी उतरवून सुरात आणली.

अखेर सुयोगनं हात काढून घेतले, फोन बाहेर काढला. तीन बत्तीस.

"बाजार बंद झाला, चाचा."

"आणि हात?"

सुयोगनं पाहिलं. हात गुडघ्यावर होता.

"थरथरतोय."

"मग सोडलास कशाला?"