टिकलीची शेपटी

फार पूर्वी, पक्ष्यांनाही शाळा काढायची हौस आली तेव्हा, नदीकाठच्या शाळेत बगळे गुरुजी होते. स्थिर उभं राहणं हा त्यांचा आवडता विषय. टिकली नावाचं धोबी पक्ष्याचं पिल्लू मात्र शेपटी सारखी वरखाली हलवायचं. गुरुजींनी ती लव्हाळ्यानं बांधली. टिकली शहाण्यासारखी बसू लागली. मग तिचं गाणं बंद झालं आणि पुढे खाणंही सुटलं.

समिती नेमली गेली. घुबड आणि कावळा या दोघांनाही हलत्या शेपटीचा अनुभव नव्हता, म्हणून ते तज्ज्ञ ठरले. त्यांनी गाठ आणखी घट्ट करायला सुचवलं.

टिकली सुकत चालली, तेव्हा घाबरलेले गुरुजी खडकावरच्या म्हाताऱ्या धोबी पक्ष्याकडे गेले.

"आजोबा, ही शेपटी थांबते तरी कशी?"

"थांबते की. पण सगळा जीव तिला थांबवण्यातच जातो, गाण्याला उरत नाही." आजोबांचीही शेपटी हलत होती. "तुम्ही एका पायावर का उभे राहता?"

"मला बरं वाटतं," म्हणता म्हणता गुरुजींची नजर आजोबांच्या हलत्या शेपटीवर गेली.

परत येऊन त्यांनी प्रथमच टिकलीला विचारलं, "सोडू का गं गाठ?"

तिनं मान हलवली. गाठ सुटली, शेपटी हलली आणि थोड्या वेळानं गाणं सुरू झालं. ते पाण्यावरून पार पलीकडच्या काठापर्यंत गेलं. गुरुजी ऐकतच राहिले. आपला दुसरा पाय कधी खाली टेकला, हे त्यांना कळलंही नाही.