केरबाचा बायोडेटा हवेतून जातो

माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत. तेवढं सांभाळून घ्या आणि गोष्ट ऐका.

उंबरवाडीत केरबा नावाचा एक भोळा गडी होता. वय एकतीस. घर कौलारू, गोठ्यात दोन म्हशी, घरात आई. आणि ओठावर अशी मिशी, की डेअरीवाले आधी मिशी बघायचे, मग दूध मोजायचे. सांगितलेलं काम केरबा तंतोतंत करायचा. त्यामुळेच त्याचं लग्न राहिलं होतं.

तालुक्याला राहणाऱ्या सगुणाआत्याने मोठ्या खटपटीने एक स्थळ आणलं. माळेवाडीची मालन. मालनचे वडील जोतीराम म्हणाले, "आज पाचच्या आत मुलाचा बायोडेटा फोनवर आला पाहिजे. नाही आला, तर दुसरं स्थळ हाताशी आहे."

उंबरवाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची. तीही एकच काडी. केरबा शिडीने वर चढला आणि बायोडेटा पाठवला. बायोडेटा जाईना, फोनवर नुसता गोल फिरायला लागला. तासभर फिरला. साडेचारला आत्याचा फोन आला.

"केरबा, त्यात काय काय भरलंयस रे?"

"माझा फोटो. म्हशींचे फोटो. पुढून दोन, मागून दोन."

"मागून कशाला?"

"लोक मागूनच बघतात, आत्या."

"अरे बाबा, रेंज एवढीशी. जड झालंय ते. पाठवायचं ते हलकं करून पाठवावं!"

केरबाने हे मनात पक्कं केलं. म्हशी काढल्या, स्वतःचा फोटो ठेवला. पाचला पाच कमी असताना बायोडेटा माळेवाडीत पोचला.

आत्या खूश झाली. म्हणाली, "आता रीत म्हणून त्यांच्याकडे एसटीने एक नारळ पाठव."

केरबाने नारळ हातात घेतला. जड होता. त्याने तो फोडला, पाणी पिऊन टाकलं, खोबरं आईला दिलं आणि दोन करवंट्या कागदात बांधून पाठवल्या.

"करवंट्या?" आत्या फोनवर किंचाळली.

"हलकं करून पाठवलं, आत्या."

"अरे, हवेतून जातं ते हलकं करायचं! नारळ एसटीने जातो!"

"बरं," केरबा म्हणाला.

आत्याने माळेवाडीला कळवलं, नारळ वाटेत फुटला. जोतीरामांनी ते मानलं. पण त्यांनी आपला एक नमुना पाठवला. आठ रकाने. एक, नाव. दोन, वय. तीन, उंची. चार, घर. पाच, म्हशी किती. सहा, म्हशींची जात. सात, घरात कोण. आठ, व्यसन.

केरबाने टाकीवर बसून सगळा नमुना उतरवून पाठवायला घेतला. पुन्हा गोल फिरायला लागला.

आत्या म्हणाली, "रकान्यांची नावं कशाला पाठवतोस? नमुना त्यांचाच आहे, प्रश्न त्यांच्याकडे आहेत. आपण नुसती उत्तरं द्यायची. क्रमाने. ते बरोबर बसवून घेतात."

केरबाने हेही मनात पक्कं केलं. आठ उत्तरं पाठवली, चुटकीसरशी गेली.

चार दिवसांनी आत्याला घेऊन जोतीराम स्वतः घर बघायला आले. अंगणात पाय ठेवला, चप्पल काढायला वाकले. केरबाने नमस्कार केला आणि सुरू झाला.

"केरबा. एकतीस. पाच फूट सहा. तीन खोल्या, कौलारू. दोन. मुऱ्हा. आई. नाही."

जोतीराम एक पाय चपलेत ठेवून तसेच उभे राहिले. "काय नाही?"

"आठवं."

"आठवं काय?"

"ते तुमच्याकडे असेल की."

आत्याने लगबगीने पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाली, "मोजकं बोलतो आमचा केरबा." जोतीरामांनी तांब्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाले, "मोजकं बोलणारा बरा. आमच्याकडे सगळे फार बोलतात." आणि येत्या रविवारी माळेवाडीत साखरपुडा ठरला.

तेवढ्यात केरबाच्या ध्यानात आलं, की उंची चपलेसकट मोजली होती. तो टाकीवर चढून सगळा नमुना पहिल्यापासून परत पाठवायला लागला.

आत्या वैतागली. "सगळं पुन्हा कशाला? आधीचं त्यांच्याकडे आहेच ना? जे बदललं तेवढंच पाठवायचं!"

हे तर केरबाला फारच पटलं. त्याने नुसतं 'पाच फूट पाच, चपलेशिवाय' पाठवलं. गोल फिरलाच नाही.

रविवार आला. आत्याने बजावलंच होतं, नीटनेटका हो. केरबा सकाळी न्हाव्याकडे गेला आणि मिशी काढून आला. मग ओट्यावर बसून विचार केला. नाव त्यांच्याकडे आहे. उंची आहे. फोटोही आहे. बदललं काय? मिशी.

तो परत न्हाव्याकडे गेला, मिशी गोळा केली, पुडी बांधली आणि एसटीच्या कंडक्टरकडे दिली. स्वतः म्हशी धुवायला गेला.

माळेवाडीत मांडव भरला होता. नवऱ्या मुलाऐवजी पुडी आली. जोतीरामांनी ती चारचौघांत उघडली. मालनच्या मामाला शिंक आली आणि अर्धी मिशी हळदीकुंकवाच्या पंचपाळ्यात पडली.

"हे स्थळ मोडलं!" जोतीराम गरजले.

पण मालन पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. वडिलांना म्हणाली, "दादा, चपलेची उंचीसुद्धा कमी करून कळवणारा माणूस कुठे मिळायचा? मला चालेल. पण सगळा येऊ दे."

"उद्या अकरापर्यंत," जोतीराम म्हणाले. "अकराला दुसऱ्यांना होकार."

आत्याने फोन लावला. केरबा टाकीवर पोच यायची वाट बघतच बसला होता.

"केरबा, नीट ऐक. उद्या नऊची एसटी. काही हलकं करू नको, काही वगळू नको. नमुन्यात जे जे लिहिलंयस, ते सगळं अकराच्या आत त्यांच्या दारात उभं राहिलं पाहिजे!"

"एसटीने?"

"एसटीनेच!"

केरबाने हे मनात पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच उठला. अंघोळ केली. नाव, वय, उंची त्याच्याबरोबर होतीच. तीन रकाने झाले. मग शिडी लावून तो छपरावर चढला आणि कौलं उतरवायला लागला.

आई धावत बाहेर आली. "अरे, घर का उसकटतोयस?"

"आई, तू घाई करू नको. तू सातवी. आधी घर, मग म्हशी, मग तू."

नऊ वाजता एसटी घरासमोरच्या फाट्यावर थांबली. कंडक्टरने हाक मारली, "केरबा, येणार ना?"

"येणार की," केरबा वरून म्हणाला. "जरा थांबा. दोनच खोल्या राहिल्यात."