एका पंगतीचे दोन वाढपी

नदीला अजून पूल माहीत नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. एका राज्यात एक कोष्टी राहत असे. त्याची मुलगी अबोल होती, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. गुरुकुलात विद्या निवडायची वेळ आली, तेव्हा कुणी वैद्यक घेतले, कुणी बांधकाम. हिने निरनिराळ्या लोकांचे धर्म शिकायचे ठरवले.

आत्याने कपाळाला हात लावला. “वैद्याच्या दारात रोगी येतात, गवंड्याच्या दारात घर बांधणारे येतात. तुझ्या दारात कोण येणार गं? देव?”

मुलगी नदीच्या दोन्ही काठांवरच्या प्रार्थनाघरांत मागे बसून ऐकत राहिली, म्हाताऱ्यांना प्रश्न विचारत राहिली. शिक्षण संपले, तरी काम मिळेना. शेवटी वडील म्हणाले, की पौर्णिमेपर्यंत वाट पाहू. नाहीतर मागावर बसायचे.

त्याच सुमारास राजाने नदीवर बंधारा घालायचे ठरवले. दोन्ही काठांचे हात लागल्याशिवाय तो होणार नव्हता. आणि तिथली रीत अशी, की एका पंगतीत जेवल्याशिवाय मोठ्या कामाला एकत्र हात घालायचा नाही.

प्रधानाने भर दुपारी जेवण घातले. पूर्वकाठचे जेवले, पश्चिमकाठच्यांनी घासही घेतला नाही. मग त्याने रात्री जेवण घातले. या वेळी पश्चिमकाठचे जेवले आणि पूर्वकाठच्यांची पाने तशीच राहिली. आमच्या पंगतीत जेवणे यांना चालत नाही, असे दोघेही म्हणू लागले. कुदळी पडून राहिल्या.

ते ऐकून मुलगी दरबारात गेली. हळू आवाजात तिने सांगितले, की कुणी कुणाचा अपमान केलेला नाही. पूर्वकाठचे लोक सूर्य बुडाल्यावर खात नाहीत. पश्चिमकाठच्यांचा हा व्रताचा महिना आहे. पहिली चांदणी दिसेपर्यंत ते पाणीही पीत नाहीत.

प्रधान हसला. “मग दोघे एका वेळी जेवणार कसे?”

“एका वेळी नाही, प्रधानजी,” ती म्हणाली. “एका पंगतीत. शेवटचा माणूस उठेपर्यंत पंगत एकच असते ना?”

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर नदीकाठी एक लांबलचक पंगत मांडली. पूर्वकाठचे आपापल्या पानांवर बसले, पश्चिमकाठच्यांची पाने शेजारी रिकामी ठेवली. कोरड्या घशाने, पण हसतमुखाने पश्चिमकाठचे वाढू लागले. एक म्हातारा नावाडी तर पुरणपोळीची परात घेऊन एका शेतकऱ्यासमोरून हलेना.

“पुरे हो, सूर्य बुडतोय,” शेतकरी पानावर दोन्ही हात आडवे धरून म्हणाला.

“म्हणूनच म्हणतो, लवकर घ्या,” नावाडी म्हणाला.

सूर्य बुडाला. पूर्वकाठच्यांनी हात धुतले, पण घरी कुणी गेले नाही. सगळे आकाशाकडे बघू लागले. चांदणी सर्वांत आधी त्या शेतकऱ्यालाच दिसली. नावाड्याला हाताला धरून त्याने पानावर बसवले आणि परात उचलली. “आता माझी पाळी,” तो म्हणाला. सारी पंगत खदखदून हसली.

पहाटे बंधाऱ्यावर कुदळी वाजू लागल्या. पौर्णिमेच्या आतच राजाने मुलीला दरबारात नेमले. मग तिच्या दारात रीघ लागली. उपवास करणाऱ्या रोग्याला औषध केव्हा द्यावे, हे विचारायला वैद्य आला. कुणाच्या घराचे दार कोणत्या दिशेला चालते, हे विचारायला गवंडी आला. आत्या प्रत्येकाला गूळपाणी देऊन दमून गेली.

“देव काही आले नाहीत गं,” ती पदराने वारा घेत म्हणाली, “पण त्यांची माणसं काही थांबत नाहीत.”

तेव्हा बाळगोपाळांनो आणि थोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: दुसऱ्याचा उपवास समजून घेणारी विद्या स्वतः कधी उपाशी राहत नाही.