तळ्यावरची पाळी

"आपली व्यवस्था न्याय्य आहे, असं किती लोकांना वाटतं? मोजून आणा!" राजा भानुपालानं हुकूम सोडला.

व्यवस्था म्हणजे तळ्यावरच्या पाण्याची. आधी राजवाड्याचे हंडे भरायचे, मग सरदारांचे, मग विणकरांचे आणि शेवटी कुंभारआळीचे. तोवर तळ्यात नुसता गाळ ढवळलेला असे.

प्रधान त्र्यंबकपंत दोन भालेकरी बरोबर घेऊन दारोदार फिरले. "महाराज, शंभरातल्या शंभर जणांना वाटतं!"

"कुंभारांनाही?"

"त्यांना तर विशेष. त्यांना चिखल लागतोच."

दरबारात मडकी पोचवायला आलेली येसाई कुंभारीण फिसकन हसली.

"हसतेस?" राजा तसा हट्टीच. "मग उद्या दुपारपर्यंत तू मोजून दाखव! पण एकालाही प्रश्न विचारायचा नाही. जमलं नाही, तर तुझी भट्टी मोडून टाकीन!"

भट्टी गेली तर चार लेकरांनी खायचं काय? घरी जाऊन येसाई मातीच्या गोळ्या वळत बसली.

दुसऱ्या दिवशी सगळे लोक जमलेल्या दरबारात तिनं एक मडकं ठेवलं. "यातल्या गोळीवर एक रेघ निघाली तर पयली पाळी, चार निघाल्या तर शेवटची. वरीसभर. व्यवस्था न्यायाची हाय, तवा कुठंबी उभं ऱ्हायला हरकत नसावी. ज्याला पटतंय, त्यानं हात घालावा."

कुंभारआळीनं पटापट हात घातले. सरदारांना मात्र एकाएकी गुडघेदुखी आठवली, विणकरांना मागावरचं अर्धं कापड. पंतांनी हात मडक्यापर्यंत नेला, "छान भाजलंय हो," म्हणाले आणि मागं घेतला.

"कुंभारांना पटलेलं दिसतंय!" राजा म्हणाला.

"त्यांचं धरू नका, म्हाराज. त्यांच्या खाली पाळीच न्हाई."

"मग किती झाले?"

"एकबी न्हाई. पण एक मोजायचा ऱ्हायलाय."

"कोण?"

"तुमचा हात अजून मडक्याभायेर हाय."

राजानं हात घातला. चार रेघा!

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः हंडा घेऊन सगळ्यांच्या मागं उभा राहिला. पाळी आली, त्यानं हंडा भरला आणि आत डोकावून तो ओरडला, "येसाई! हे पाणी गढूळ आहे!"

"असूं द्या, म्हाराज. शंभरातल्या शंभर जणांना पटल्यालं हाय!"

राजा इतका हसला, की निम्मा हंडा अंगावर सांडला. येसाईला तिथंच सोन्याचं कडं मिळालं. पाळी दर महिन्याला मडक्यातूनच काढायची, असं ठरलं. आणि पहिला हात त्र्यंबकपंतांनी घालायचा.